तारामासा, काचेची पेटी आणि एक न सुटलेला बग

गेल्या वर्षी याच सुमारास आमच्या घरात एक तारामासा वारला.

वारला म्हणजे एका दिवसात नाही. आधी त्याच्या एका हाताचं टोक पांढरं पडलं. मग तो हात मऊ झाला आणि दोन दिवसांनी गळून पडला. मग दुसरा. पाचव्या दिवशी काचेच्या तळाशी निळसर लगदा तेवढा उरला होता. भाची सुट्टीला आली होती. तिने विचारलं, "मामा, त्याला काय झालं होतं?" मी दिवसभर सर्व्हर का पडला, क्वेरी का अडकली, याचीच उत्तरं शोधून पगार घेतो. पण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

थोडी पार्श्वभूमी. दोन वर्षांपूर्वी मला खाऱ्या पाण्याच्या फिशटँकचा नाद लागला. पुण्यात, समुद्रापासून दीडशे किलोमीटरवर, तिसऱ्या मजल्यावर, दोनशे लिटरची टाकी. क्षार मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, घाण काढायला स्किमर, एप्रिल-मेसाठी चिलर. पाणी आरओचं, कारण सोसायटीच्या टँकरच्या पाण्यात काय काय असतं ते न बोललेलंच बरं. बायकोने एकदाच विचारलं की या सगळ्याच्या खर्चात आपण तिघं दर वर्षी किती वेळा तारकर्लीला जाऊन आलो असतो. मी तो हिशोब अजून केलेला नाही.

सगळं सुरळीत चालू होतं, तेव्हा एका दुकानात तो दिसला. गडद निळा, पाच हातांचा, लिंकिया जातीचा. दुकानदार म्हणाला, "साहेब, एकदम हार्डी आयटम. खायला वेगळं काही द्यावं लागत नाही. पिशवी वीस मिनिटं पाण्यात तरंगत ठेवा आणि सोडून द्या." मी तसंच केलं. तारामासा सुमारे चार महिने जगला.

तो गेल्यावर मी नेहमीप्रमाणे पोस्टमॉर्टेम करायला बसलो. आधी रसायनं, मग जीवशास्त्र, आणि मग नेहमीप्रमाणे इतिहासात जाऊन पडलो. तिथे कळलं की मी काही पहिला नाही. घरात समुद्र आणायचा आणि तो आपल्या डोळ्यांदेखत मरताना बघायचा, हा प्रकार पावणेदोनशे वर्षं चालू आहे. दर पिढीने एकेक बग सोडवला आणि दर पिढीला वाटलं की झालं, आता समुद्र सुटला!

पहिला बग : हवा

सुरुवात नेमकी कुठून धरायची यावर वाद घालता येईल. सिसिलीतल्या मेसिनामध्ये झान व्हिलप्रू-पॉवर नावाची एक फ्रेंच बाई १८३२ सालीच काचेच्या पेट्यांत समुद्री जीव ठेवून त्यांचा अभ्यास करत होती. पण ती होती समुद्रकाठी. ताजं पाणी दारात. आपल्यासारख्या समुद्रापासून लांब राहणाऱ्या माणसाची गोष्ट सुरू होते ती लंडनला, १८४६ साली.

त्या वर्षी ॲना थिन ही बाई इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्कीला सुट्टीला गेली होती. नवरा लॉर्ड जॉन थिन, वेस्टमिन्स्टर ॲबीमधला मोठा धर्माधिकारी. ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांमध्ये तिला एक प्रकारचं छोटं प्रवाळ दिसलं आणि ती अक्षरशः वेडी झाली. तिने सुईदोऱ्याने ते जीव स्पंजला टाचले (प्रवासात हिंदकळून एकमेकांवर आपटू नयेत म्हणून!), समुद्राचं पाणी भरलेल्या बरणीत ठेवले आणि लंडनला घेऊन आली.

एक दिवसाआड पाणी बदलायचं, किनाऱ्यावरून नवीन मागवायचं, असं सुरुवातीला चाललं. पण साठा पुरेना. मग तिने तेच पाणी पुन्हा वापरायची युक्ती काढली. उघड्या खिडकीसमोर उभं राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचं, परत पहिल्यात ओतायचं. दर खेपेला अर्धा-पाऊण तास. हे काम अर्थातच लॉर्डांची बायको स्वतः करत नव्हती. घरात एक मोलकरीण पोरगी होती. थिनबाईंनी नंतर लिहिलं आहे की काम दमवणारं होतं खरं, पण त्या मुलीला त्यात गंमत वाटायची. (मुलीचं म्हणणं काय होतं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.)

माझ्या टाकीत हे काम आज सात वॉटचा एक पंप करतो. तो घरघर करतो म्हणून मी कुरकुर करत असतो. तेव्हा लंडनमधलं पहिलं टिकलेलं खारं ॲक्वेरियम एका पोरीच्या दंडातल्या ताकदीवर चाललं होतं हे लक्षात ठेवायला हवं. पुढच्या वर्षी, १८४७ मध्ये, थिनबाईंनी समुद्री शेवाळ असलेले दगड मागवून भांड्यात ठेवले आणि त्या मुलीची बरीचशी सुटका झाली. शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडू लागलं. ते प्रवाळ त्यांनी वर्षानुवर्षं जगवलं.

दुसरा बग : समतोल

शेवाळ काम करतं हे थिनबाईंना अनुभवाने कळलं. त्यामागचं गणित मांडलं ते रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने.

त्याच्याही आधी वॉर्ड नावाचा लंडनचा एक डॉक्टर होता. १८२९ साली त्याने एका बंद बाटलीत ओलसर मातीत पतंगाचा कोश ठेवला होता. पतंगाचं राहू द्या, मातीतून नेचा उगवून आला, आणि बंद बाटलीत आपलाच ओलावा पुन्हा पुन्हा वापरत तो जगत राहिला. यातून वॉर्डची काचपेटी जन्माला आली. या पेटीचं आपल्याशीही नातं आहे बरं का. अशाच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यूनने १८५० च्या आसपास चीनमधून हजारो चहाची रोपं भारतात, हिमालयाच्या पायथ्याशी आणली. तुमच्या-माझ्या सकाळच्या कपामागे तीही एक काचेची पेटी आहे.

वॉरिंग्टनने हीच कल्पना पाण्यात नेली. १८४९ साली एका मोठ्या काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती. मासे श्वास सोडतील तो वायू वनस्पती घेईल, वनस्पती सोडेल तो मासे घेतील. कागदावर झकास. प्रत्यक्षात काही दिवसांनी वनस्पतीची जुनी पानं कुजायला लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर बुळबुळीत थर आला. मग त्याने आत पाणगोगलगायी सोडल्या. गोगलगायी कुजलेलं खाऊ लागल्या, त्यांची अंडी मासे खाऊ लागले, आणि पाणी निवळलं. १८५० साली त्याने हे निष्कर्ष मांडले, आणि मग तो खाऱ्या पाण्याकडे वळला.

वनस्पती, प्राणी आणि सफाई कामगार. तीन घटकांचं स्वच्छ आर्किटेक्चर! मला वॉरिंग्टन फार जवळचा वाटतो. आपणही असंच चौकोन आणि बाण काढून डिझाईन पास करून घेतो आणि मग प्रॉडक्शनमध्ये कुजलेली पानं सापडतात.

गॉससाहेबांचा समुद्र

आता या गोष्टीचा नायक येतो. (की खलनायक? ते शेवटी ठरवा.)

फिलिप हेन्री गॉस. जन्म १८१०. कॅनडा, अलाबामा, जमेका असं भटकून आलेला निसर्ग-अभ्यासक, आणि तितकाच कट्टर धार्मिक. प्रत्येक जीव ईश्वराने आहे तसा घडवला, यावर पूर्ण श्रद्धा. १८५२ साली तब्येत बिघडली म्हणून तो बायको एमिली आणि छोट्या एडमंडला घेऊन डेव्हनच्या किनाऱ्यावर गेला आणि ओहोटीच्या डबक्यांत गुडघाभर पाण्यात रमला. १८५३ च्या मे महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, त्यात ठेवायला समुद्री जीव पुरवणाऱ्यांमध्ये गॉस होता. १८५४ मध्ये त्याचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं. पानोपानी त्यानेच काढलेली रंगीत चित्रं. 'ॲक्वेरियम' हा शब्द आज आपण ज्या अर्थाने वापरतो, तो रूढ झाला या पुस्तकामुळे. आणि पुस्तक तुफान चाललं.

वेळही जुळून आली होती. काचेवरचा जाचक कर १८४५ साली रद्द झाला होता, त्यामुळे काच स्वस्त. रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोहोचली होती, त्यामुळे समुद्र एका दिवसाच्या अंतरावर. आणि नवा मध्यमवर्ग, हातात थोडा पैसा, थोडी सुट्टी आणि दिवाणखान्यात दाखवायला काहीतरी हवं. (ओळखीचं वाटतंय ना?)

पाणी कुठून आणायचं? टेम्सच्या मुखाबाहेर जाणाऱ्या बोटीवरच्या माणसाला पिंप द्या, भरून आणेल, असा गॉसचा व्यावहारिक सल्ला. तेही जमत नसेल तर घरी बनवा. १८५४ मध्येच त्याने कृती छापली. साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराईड, पोटॅशियम क्लोराईड. मोजून चार क्षार. समुद्रात अगदी कमी प्रमाणात असणारे बाकीचे घटक त्याने सोडून दिले. आधी शेवाळ सोडलं, काही दिवस जाऊ दिले, मग प्राणी. ते जगले. म्हणजे समुद्राची रेसिपी मिळाली!

लंडनमध्ये विल्यम आल्फर्ड लॉईडने चक्क समुद्री जीवांचं दुकान थाटलं. १८५८ मधल्या त्याच्या कॅटलॉगात टाक्या, पाणी, शेवाळ, समुद्रफुलं, तारामासे, सगळ्यांच्या किमती. आजच्या ऑनलाइन शॉपिंगचाच अवतार, फक्त डिलिव्हरी रेल्वेने.

आता तारामासा

त्या काळात लोकांना तारामाशाबद्दल काय माहीत होतं? बरंच. एडवर्ड फोर्ब्ज या शास्त्रज्ञाने १८४१ सालीच ब्रिटनच्या तारामाशांवर आख्खं पुस्तक लिहिलं होतं, आणि त्यात एक किस्सा आहे जो माझ्या मते प्रत्येक दुकानाच्या दारावर लावायला हवा.

ल्युडिया नावाचा एक मोठा, सात हातांचा तारामासा असतो. फोर्ब्जने पहिल्यांदा तो जाळ्यातून काढून होडीत ठेवला, तर त्याने स्वतःचे तुकडे तुकडे करून टाकले. हातात आले नुसते सुटे हात. दुसऱ्या वेळी फोर्ब्ज तयारीने गेला. तारामाशांना गोडं पाणी सोसत नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने गार गोड्या पाण्याची बादली बरोबर नेली. बेत असा की तुकडे करायची संधी मिळायच्या आत त्याला बादलीत बुडवून मारायचा. जाळं वर आलं, फोर्ब्जने बादली अलगद जाळ्याच्या तोंडाशी नेली. आणि तारामासा विरघळला! जाळ्याच्या भोकाभोकांतून तुकडे निसटून गेले. शेवटी एका हाताचं टोक फोर्ब्जच्या हाती लागलं. त्या टोकावर तारामाशाचा डोळा असतो, आणि फोर्ब्ज लिहितो की त्या डोळ्याने आपल्याकडे बघून चिडवल्यासारखं मिचकावलं.

फोर्ब्ज विनोद करत होता. पण त्याच्या बादलीतच माझ्या पोस्टमॉर्टेमचं उत्तर होतं.

आपल्या अंगात रक्त असतं, त्यातल्या मिठाचं प्रमाण मूत्रपिंडं सांभाळतात. तारामाशाकडे ही सोयच नाही. त्याच्या पाठीवर चाळणीसारखी एक बारीक तबकडी असते. तिथून आत नळ्यांचं जाळं. त्या नळ्यांत जवळजवळ समुद्राचंच पाणी. त्याच पाण्याच्या दाबावर त्याचे शेकडो नळीसारखे पाय हलतात, चिकटतात, सुटतात. बाहेरच्या पाण्यातलं मीठ बदललं की आतलंही बदलणार. मध्ये फायरवॉल नाही. तारामासा समुद्रात राहतो म्हणण्यापेक्षा समुद्र तारामाशातून वाहतो असं म्हणणं जास्त खरं.

आता वीस मिनिटं तरंगणारी पिशवी आठवा. त्याने फक्त तापमान जुळतं. पिशवीतल्या आणि टाकीतल्या पाण्याच्या क्षारात फरक असेल तर तो तारामाशाच्या आख्ख्या शरीराला एका दणक्यात बसतो. माहीतगार लोक बारीक नळीने थेंब थेंब पाणी सोडत काही तास घालवतात, ते यासाठी. आणि गंमत म्हणजे हा धक्का बसला तरी प्राणी लगेच मरत नाही. नुकसान नंतर हळूहळू बाहेर येतं. तोपर्यंत दुकानदार आणि ग्राहक दोघंही समजतात की सगळं व्यवस्थित आहे.

तिसरा बग : जो कुणाला दिसतच नव्हता

व्हिक्टोरियन टाक्या काही महिन्यांत गढूळ व्हायच्या, वास मारायच्या, आतले प्राणी एकामागोमाग एक मरायचे. समतोल साधला की पाणी कधी बदलायची गरज नाही, अशी त्या काळात शेखी मिरवली जायची. समतोल का बिघडतो ते मात्र कळेना. १८६० च्या दशकात लोकांचा उत्साह ओसरला, आणि १८६८ साली जे. जी. वुड नावाच्या लेखकाने लिहूनच टाकलं की ॲक्वेरियमचा ताप आता उतरला आहे. दिवाणखान्यातल्या टाक्यांत कुंड्या गेल्या.

लॉईडचं दुकान १८६२ मध्येच बुडालं होतं. पण त्याने हार मानली नाही. आधी हँबर्ग, मग १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचं मत्स्यालय त्याने उभं केलं. त्याची युक्ती अशी की लोकांना दिसणाऱ्या टाक्यांखाली त्यांच्या अनेक पट मोठा अंधारा हौद, आणि पाणी सतत त्यातून फिरतं ठेवायचं. आज आमच्या टाकीखालच्या कपाटात जी दुसरी टाकी आहे, ती लॉईडच्याच हौदाची नात.

हे का चालतं याचं खरं उत्तर समुद्रात सापडलं नाही. ते सापडलं गटारात. १८७७ साली श्लॉसिंग आणि म्युंट्झ हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ सांडपाणी वाळूतून झिरपवून बघत होते. पहिले काही दिवस आत जाणारा अमोनिया तसाच बाहेर. मग साधारण वीस दिवसांनी अमोनिया गायब, त्याच्या जागी नायट्रेट. त्यांनी वाळूत क्लोरोफॉर्म सोडला, तर क्रिया थांबली. म्हणजे हे काम कोणीतरी जिवंत करत होतं! १८९० मध्ये विनोग्राड्स्कीने ते जिवाणू वेगळे करून दाखवले.

वॉरिंग्टनच्या तीन चौकोनांत हा चौथा चौकोन नव्हता. प्राण्यांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया जहरी असतो, आणि वाळूत-दगडांत राहणारे न दिसणारे जिवाणू तो पचवतात, म्हणून टाकी जगते. नवीन टाकी चार-सहा आठवडे रिकामी चालवायची ती या मंडळींची वस्ती बसावी म्हणून. जुन्या लोकांची एखादी टाकी वर्षानुवर्षं टिकायची ती नशिबाने ही वस्ती जमल्यामुळे. थोडक्यात, 'माझ्या मशीनवर तर चालतंय' हा प्रकार तेव्हाही होताच.

पुढची गोष्ट पटकन सांगतो. १९६१ साली जकार्तातल्या ली चिन एंगने जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ जगवून दाखवलं. १९६४ मध्ये अमेरिकेत ओहायोत 'इन्स्टंट ओशन' हे तयार मीठ आलं. पिशवी फोडा, पाण्यात ढवळा, समुद्र तयार. आणि विमानं होतीच. आता समुद्र एका दिवसाच्या अंतरावर असण्याचीही गरज उरली नाही. फिलिपिन्स-इंडोनेशियाकडच्या प्रवाळांवरचा निळा तारामासा पिशवीत बसून पुण्यापर्यंत येऊ शकतो. आलाच.

हवा सुटली, समतोल सुटला, क्षार सुटले, जिवाणू सुटले. मग माझा तारामासा का मेला? धक्का हे एक कारण. दुसरं बहुधा उपासमार. लिंकिया दगडांवरची सूक्ष्म जीवांची आणि सेंद्रिय कणांची साय खरवडून खातो, आणि दोनशे लिटरच्या टाकीतली ती साय फार दिवस पुरत नाही. तारामासा आतल्या आत बारीक होत जातो. त्याचं बाहेरचं कवच कडक असल्याने आपल्याला दिसत मात्र नाही. दुकानदाराचं वाक्य शब्दशः खरं होतं, खायला वेगळं काही द्यावं लागत नाही. काय द्यायचं हेच कुणाला धड माहीत नाही म्हणून.

बिल कोणी भरलं?

इतका वेळ मी टाकीच्या आतलं सांगत होतो. टाकीच्या बाहेर काय झालं ते राहिलंच.

गॉसची पुस्तकं वाचून लोक किनाऱ्याकडे धावले. बादल्या, छिन्न्या, हातोडे, बरण्या घेऊन. घरची टाकी मेली की पुढच्या सुट्टीत परत जाऊन भरायची. गॉस स्वतः ओहोटीला लोकांचे वर्ग घ्यायचा, कुठल्या खडकाखाली काय सापडतं ते दाखवायचा. अत्यंत सद्हेतूने. त्याला वाटत होतं की ईश्वराची ही कारागिरी बघून लोक नतमस्तक होतील.

१८५७ हे वर्ष त्याच्यासाठी वाईट गेलं. फेब्रुवारीत एमिली कर्करोगाने वारली. वर्ष संपता संपता त्याचं 'ऑम्फॅलॉस' हे पुस्तक आलं. पृथ्वी जुनी दिसते ती ईश्वराने तशीच 'जुनी' निर्माण केली म्हणून, असा त्याचा सिद्धांत. शास्त्रज्ञ हसले, धार्मिकही पटवून घेईनात. तो आठ वर्षांच्या एडमंडला घेऊन कायमचा डेव्हनला राहायला गेला. बापलेक रोज ओहोटीला डबक्यांवर जात.

त्या एडमंडने पन्नास वर्षांनी, १९०७ साली, 'फादर अँड सन' हे आठवणींचं पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो की लहानपणी पाहिलेली ती डबकी, समुद्रफुलांनी, शेवाळांनी, नाजूक जीवांनी काठोकाठ भरलेली, आता राहिलेली नाहीत. संग्राहकांच्या फौजांनी कोपरान् कोपरा ओरबाडून नेला. आणि हे आपल्या पुस्तकांमुळे झालं, हे वडिलांच्या लक्षात आलं होतं आणि त्याचं त्यांना अतोनात दुःख होतं.

मी इथे बराच वेळ थांबलो. गॉस वाईट माणूस नव्हता. त्याच्याइतकं त्या डबक्यांवर प्रेम क्वचितच कोणी केलं असेल. त्याने ते प्रेम उत्तम चित्रांसह छापलं, आणि वाचणाऱ्याला पत्ता मिळाला.

आणि किनाऱ्यावरून तारामासा उचलणं म्हणजे फक्त एक तारामासा उचलणं नसतं, हे कळायला आणखी शंभर वर्षं गेली. १९६३ पासून रॉबर्ट पेन हा शास्त्रज्ञ अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या एका खडकाळ किनाऱ्यावर एकच काम करत होता. खडकाच्या एका ठरावीक पट्ट्यावरचे तारामासे काढायचे आणि लांब समुद्रात फेकायचे. बाकी काहीही करायचं नाही. तारामासे गेले तसे काळे शिंपले माजले, त्यांनी आख्खा खडक व्यापला, आणि १९६६ च्या त्याच्या लेखानुसार तिथल्या १५ जातींच्या ८ झाल्या. १९६९ मध्ये त्याने अशा प्राण्याला 'कीस्टोन' म्हटलं, कमानीच्या मधोमधचा दगड. तो काढला की कमान बसते.

असो

मग टाकी विकली का? नाही. त्यात दोन क्लाउनफिश आहेत, माणसांनीच पैदास केलेले, समुद्र कधीही न पाहिलेले. ते मजेत आहेत. तारामासा मात्र परत आणणार नाही. बाजारात येणारे तारामासे जवळजवळ सगळे समुद्रातूनच पकडलेले असतात, आणि मला जे जगवता येत नाही ते विकत घेणं म्हणजे छिन्नी-हातोडा घेऊन डेव्हनला जाणंच आहे. फक्त छिन्नी दुसऱ्या कोणाच्या तरी हातात.

पण काचेच्या पेटीला शिव्या देऊनही मला हा लेख संपवता येत नाही, कारण गोष्टीचं पुढचं पान निघालं आहे. २०१३ पासून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तारामाशांमध्ये एक रोग पसरला. लक्षणं तीच. हात मऊ पडतात, गळतात, लगदा होतो. (ते वाचताना माझ्या पोटात गोळा आला होता.) सूर्यफूल तारामासा म्हणून वीसेक हातांची एक जात आहे, तिचे ९० टक्क्यांहून जास्त प्राणी गेले. तो ज्या समुद्री साळूंना खायचा त्या माजल्या आणि केल्पची जंगलंच्या जंगलं त्यांनी फस्त केली. पेनच्या खडकासारखंच, फक्त आख्ख्या किनाऱ्यावर. २०२५ साली या रोगामागे एक व्हिब्रिओ जिवाणू असल्याचं शास्त्रज्ञांनी दाखवलं. आणि २०१९ पासून वॉशिंग्टन राज्यातल्या फ्रायडे हार्बरच्या प्रयोगशाळेत हेच सूर्यफूल तारामासे टाक्यांमध्ये अंड्यापासून वाढवले जात आहेत. पुढेमागे समुद्रात परत सोडता यावेत म्हणून.

म्हणजे थिनबाईंची ती पोरगी, वॉरिंग्टनच्या गोगलगायी, लॉईडचा हौद, गटारातले ते जिवाणू, सगळ्यांचं शिकलेलं वाया गेलं नाही. पावणेदोनशे वर्षं समुद्राकडून टाकीकडे वाहणारी वाट आता थोडीशी उलटी फिरते आहे.

भाचीला हे सगळं सांगितलं नाही. तिला मुंबईला घेऊन गेलो. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' ही मंडळी ओहोटीला किनाऱ्यावर फेऱ्या काढतात हे वाचलं होतं. आम्ही आमचे आम्हीच ओहोटीचं वेळापत्रक बघून पहाटे गिरगाव चौपाटीला उतरलो. तासभर काहीच दिसलं नाही. मग तीच ओरडली, "मामा, हा बघ!" ओल्या वाळूत चांदणीचा ठसा होता, आणि ठशाखाली वाळूच्याच रंगाचा छोटा तारामासा. निळा वगैरे काही नाही. आम्ही दोघं उकिडवे बसून बघत राहिलो. तो हळूहळू वाळूत शिरला आणि दिसेनासा झाला.

"घरी नेऊया?" तिने विचारलं.

मी काही बोलायच्या आत तिनेच सांगितलं, "नको. आपल्याकडे त्याला खायला काही नाही."